मयताचा जमादार

सोलापूरच्या पोलीस लाईनीत इलाहीबक्ष जमादाराची मोटारसायकल शिरली, की बायकांच्या हातातलं काम हातातच राही. कुणी आत जाऊन नवऱ्याला फोन लावी, त्याचा आवाज ऐकला की काही न बोलता ठेवून देई, आणि मग खिडकीआडून बघत राही, गाडी कुणाच्या दारात थांबते ते. एकदा हा बाबा दळणाचा डबा बांधून घरी चालला होता. डबा सुटायला लागला म्हणून दोरी आवळायला एका दारापुढं थांबला, तर आतली बाई उंबऱ्यातच मटकन खाली बसली. तिचा नवरा आत भाकरी खात होता, तरी बसली. त्या दिवसापासून इलाहीबक्ष मागच्या गटाराच्या वाटेनं घरी जायला लागला.

दोष त्याचा नव्हता, कामाचा होता. ड्युटीवर असताना कुणी पोलीस मेला, की त्याच्या घरचं पुढचं सगळं बघायला खात्यानं ह्याला नेमला होता. दवाखान्यातनं मयत ताब्यात घेण्यापासून ते बायकोच्या पेन्शनीपर्यंत. कागदावर त्याला कल्याण शाखा म्हणत. लाईनीतली माणसं एवढं लांबलचक कशाला म्हणतील? ती त्याला मयताचा जमादार म्हणत.

मूळचा गडी वैरागचा. बाप जनावरांच्या बाजारात शेळ्या-मेंढरांची दलाली करायचा. रुमालाखाली बोटं दाबून सौदा कसा करायचा, हे पोरगं बापाच्या मांडीला मांडी लावून शिकलं. धनगराशी कसं बोलावं, कुठं गप बसावं, कुणाच्या मेंढराला नाव ठेवू नये, हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं. पुढं पोलिसात लागला, रानोमाळ हिंडला, आणि एका मोर्चाच्या बंदोबस्तात गाडीतनं उडी टाकताना गुडघा घालवून बसला. साहेब म्हणाले, ह्याला हलकं काम द्या. म्हणून कल्याण शाखा. इलाहीबक्ष म्हणायचा, हलकं म्हणणाऱ्याला एकदा रडत्या घरात हातात फाईल देऊन उभा करा, मग मला वजन सांगा.

वर्षातनं एकदा शहीद पोलिसांचा स्मृतिदिन यायचा. बँड वाजायचा, बंदुका उलट्या धरायच्या, आणि मयतांच्या बायकांना मांडवात खुर्च्यांवर बसवून सोलापुरी चादर द्यायचे. त्या दिवशी 'ताई, या की' म्हणणारे साहेब दुसऱ्या दिवशी ऑफिसात ओळखही दाखवायचे नाहीत. चंद्रव्वा नावाची एक बाई नवरा गेल्यावर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या कडा शिवायला जायची. तिला दर साली चादर मिळायची. एका साली ती इलाहीबक्षला म्हणाली, "जमादार, पांघरणारा गेला आन पांघरुणांचा ढीग लागलाय. आन ही कड बी मीच शिवलीया बघा, तिरकी गेलीया." इलाहीबक्षनं ही गोष्ट वर जाऊन सांगितली. पुढच्या साली चादरीच्या जागी टॉवेल आले.

तर असा हा माणूस चरफडत चरफडत काम करायचा. पण शहाजीच्या घरानं त्याला जेवढा पिळला, तेवढा कुणीच पिळला नाही.

शहाजी मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचा, कुसळाच्या माळावरचा धनगराचा पोरगा. घरातला पहिला पोलीस. विजापूरच्या रस्त्याला नाकाबंदीत उभा होता. एका मालट्रकला हात केला, ट्रक थांबला नाही. एवढंच झालं. वस्तीवर सलामी झाली, भाषणं झाली. ज्या साहेबानं उभ्या जन्मात शहाजीला मागितलेली रजा दिली नव्हती, तोही गहिवरून बोलला. मेल्या म्हशीला मणभर दूध. ह्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडणार नाही, असं ज्यानं त्यानं माईकवर सांगितलं आणि गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या. वाऱ्यावर न सोडण्यासाठी मागं राहिला एकटा इलाहीबक्ष.

घरात शहाजीची आई केराबाई, बायको पूनम, तिची कडेवरची पोरगी, आणि शहाजीचा धाकटा भाऊ भारत. बाकीची कामं रडतखडत का होईना, मार्गी लागली. राहिली अनुकंपाची नोकरी. पूनम बारावी शिकलेली, अंगानं काटक, मेंढरामागं हिंडून पाय कमावलेली. इलाहीबक्षनं मनात धरलं, ही पोरगी वर्दीत उभी करायची. अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला. आता फक्त तिची सही आणि सासूची हरकत नाही म्हणून अंगठा, एवढंच पाहिजे होतं.

अर्ज घेऊन गेला, तर पूनम म्हणाली, पोरीला ताप आहे, पुढच्या खेपेला करते. पुढच्या खेपेला म्हणाली, आत्या, म्हणजे सासूबाई, देवाला गेल्यात, आल्या की बघू. मग म्हणाली, हा महिना बरा नाही. मग फोनच उचलेना. इलाहीबक्षला वाटलं, दुःखातली बाई आहे, जरा दमानं घ्यावं. दमानं घेता घेता अर्जाची मुदत संपत आली.

ऑफिसात हेडक्लार्क वीरभद्रप्पा होता. अक्कलकोटकडचा, जिभेवर निम्मी कानडी. तो रोज चष्म्यावरून बघायचा आणि म्हणायचा, "एन री जमादार, लोक नोकरीसाठी आमच्या पाया पडतात. तुम्ही नोकरी घेऊन लोकांच्या पाया पडताय. उलटंच चाललंय की." हे इलाहीबक्षच्या नाकाला झोंबायचं, कारण ते खरं होतं. घरी आला की साबेरा, त्याची बायको, ताट वाढता वाढता विचारायची, आज सही झाली का, आणि त्याच्या तोंडाकडं बघून पुढचं विचारायची नाही.

शेवटी तो न सांगताच वस्तीवर निघाला. फाट्याच्या अलीकडं रस्त्याच्या कडेनं एक गडी पळत येताना दिसला. जवळ आला तर भारत. कानामागचे केस साफ उतरवलेले, पायात पोलिसाचे असतात तसले तांबडे बूट. गाडी बघून गड्यानं टाच आपटली आणि सलाम ठोकला.

"जय हिंद साहेब. माज्या ऑर्डरीचं कुटवर आलं?"

इलाहीबक्षनं गाडी बंद केली. कसली ऑर्डर, म्हणून विचारलं, तर भारतनं धापा टाकत, अगदी खुशीनं सगळं सांगून टाकलं. शहाजीच्या बाराव्याला भावकी बिरोबाच्या देवळात बसली होती. नोकरी बाईनं धरली तर ती शहरात जाईल, दुसरं घर करील, पोरगी तुटंल, म्हातारी उघडी पडंल, असं बोलणं निघालं. मग ठरलं, की नोकरी भारतनं करायची आणि भावजयीला, पुतणीला जन्मभर सांभाळायचं. पूनमनं तिथंच देवापुढचा बेल-भंडारा उचलून तसा शब्द दिला. भारतनंही उचलला. आता भारतचं लगीनही जमलं होतं. पोरगा पोलीस होणार, म्हणूनच जमलं होतं.

इलाहीबक्ष गाडीवरनं खाली उतरला. बेलाचं पान आणि हळदीची चिमूट, दिसायला एवढंच. पण बापाच्या बाजारात सह्या केलेल्या चिठ्ठ्या फाडून टाकणारी माणसं त्यानं बघितली होती, भंडाऱ्याचा शब्द फिरवणारा एकही बघितला नव्हता. शब्द मोडला तर कळपात रोग शिरतो, लेकराबाळांचे डोळे जातात, असं मानणारी ही माणसं. आणि सरकारचा नियम असा, की लग्न झालेला पोलीस गेला तर नोकरी त्याच्या बायकोला, नाहीतर लेकराला. भावाला नाही. म्हणजे जी नोकरी भारतला मिळूच शकत नव्हती, ती त्याला द्यायची म्हणून ह्या लोकांनी देव साक्षीला ठेवला होता. आणि हे त्या दिवशी सांगायला, माईकवर बोललेल्यांपैकी एकही तिथं नव्हता.

केराबाई दारात लोकर पिंजत बसली होती. इलाहीबक्ष समोर टेकला, नियम सांगितला, उलटासुलटा करून पुन्हा सांगितला. म्हातारीनं हात थांबवला नाही.

"माज्या पोटचा गेला," ती म्हणाली, "तर त्याच्या जागंवर माज्या पोटचाच जाईल. ही परक्याची लेक. आज हाय, उद्या कुटं आसंल?"

"मावशी, सरकार पोट बघत न्हाय. लगीन बघतंय."

"मग सरकारला सांग, हितं भंडारा उचललाय म्हणून."

"सरकार बिरोबाला वळकत न्हाय."

"आन बिरोबा सरकारला वळकतो व्हय?"

इलाहीबक्ष उठून आतल्या चुलीकडं तोंड करून उभा राहिला आणि पूनमला म्हणाला, हे मला पहिल्याच दिवशी का सांगितलं नाहीस. पूनम म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सोड ते आणि सही कर. खरंच म्हणाला असता तो.

"तवा मला दिसत बी नव्हतं काका, काय उचलते त्ये," ती म्हणाली. "हातात दिलं, उचललं. पर उचललं की."

खोटं बोलून सही घेणं त्याला अवघड नव्हतं. ह्या कामात पुष्कळजण तेच करतात. पण भाषणवाल्यांच्यात आपली आणखी भर नको, म्हणून त्यानं तिला उरलेलंही सांगितलं. सही केली म्हणजे लगेच नोकरी नाही. नाव यादीत जातं, जागा निघाली की बोलावणं येतं. दारातनं म्हातारी म्हणाली, म्हणजे यादीतल्या नंबरापायी देव मोडायचा? आणि पहिल्यांदाच हसली. इलाहीबक्षला ते हसणं शिवीपेक्षा लागलं.

तिथनं तो तडक बिरोबाच्या पुजाऱ्याकडं गेला. येडू पुजारी म्हणजे वाळक्या बाभळीसारखा म्हातारा, डोळ्यांत फूल पडलेलं, पण इलाहीबक्षच्या बापाला ओळखणारा. त्यानं दलालाचा पोरगा म्हणून गुळाचा खडा हातावर ठेवला आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, वाट आहे. शब्द ज्याच्यासाठी उचलला, त्यानंच देवापुढं भंडारा कपाळाला लावून 'मी सोडलं' म्हणावं. मग बाई मोकळी. कुणाचं वाईट होत नाही.

इलाहीबक्षला हायसं वाटलं. येताना भारत फाट्यावरच्या टपरीत बसलेला सापडला. त्याला बाजूला घेऊन समजावलं. नोकरी आपल्याला लागणार नाही हे कळलं, तेव्हा भारतनं बुटाकडं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं, आणि म्हणाला,

"सोडतो की. पर लगीन हुंद्या आदी."

लगीन तुळशीच्या लग्नानंतर होतं. अर्जाची मुदत त्याच्या कितीतरी आधी संपत होती. आणि सासऱ्याला काय सांगणार, म्हणून विचारलं तर भारत म्हणाला, त्यांना काय, मागनं कळंल.

इतकी घरं बघितली, पण मयताच्या माणसावर इलाहीबक्षनं कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"आरं, तू काय बाजारातलं करडू हाईस व्हय, दात न दावता त्या पोरीच्या गळ्यात बांधायला? आमच्या बा-नं मेंढरू इकताना बी आसं केलं न्हाय."

"तुमास्नी बोलायला काय जातंय साहेब," भारत म्हणाला. "सारं गाव मला फौजदार म्हणतंय. आता परत मेंढरामागं काठी घेऊन गेलो तर हीच माणसं हसत्याल."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्यामुळंच इलाहीबक्षचा संताप आणखी वाढला. कुणावर चिडावं तेच कळेना. म्हातारीवर चिडावं तर तिचा लेक गेलेला. भावकीवर चिडावं तर त्यांना कुणी नियम सांगितला नव्हता. सरकारवर चिडावं तर अंगावर त्याचीच वर्दी. तो गाडीला किक मारत सुटला, आणि गाडी चालू झाल्यावरही मारत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं फाईल वीरभद्रप्पाच्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, करा बंद. वीरभद्रप्पानं ती उघडलीही नाही. म्हणाला, मुदत आहे तोवर राहू दे इथंच, माझ्या टेबलाला काय ओझं होतंय. आणि त्या दिवशी तो काही टोमणा मारायचं विसरला.

शनिवारी पूनमचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "काका, उद्या बिरोबाला या. आत येऊ नगा, भायेर ऱ्हावा."

रविवारी देवळात गर्दी असते. इलाहीबक्ष लिंबाखाली उभा राहिला. भावकीतली म्हातारी माणसं सभामंडपात घोंगड्यावर बसली होती. भारतचा होणारा सासराही त्यांच्यात होता. पाहुणा म्हणून त्याला मधी बसवला होता. पूनम पोरीला कडेवर घेऊन सरळ आत गेली, येडूपुढच्या परातीतनं बेलाचं पान आणि भंडाऱ्याची चिमूट घेतली आणि सगळ्यांकडं तोंड करून उभी राहिली.

"ज्याला नोकरी मिळायची न्हाय, त्यो रोज सकाळी पळतोय," ती म्हणाली, "आन जिला मिळायची, ती चुलीपाशी बसलीया. सरकारात दिराला नोकरी न्हाय. जमादारांनी सांगितलंय, आत्यास्नी ठाव हाय, भारतभाऊजींस्नी बी ठाव हाय. मी आंदळेपणानं उचलल्याला शब्द हितंच ठेवते."

येडू पुजारी हळूच म्हणाला, आसं करता येत न्हाय बाई, त्यानं सोडाया पायजे, न्हायतर भावकीला इचाराया पायजे.

"उचलताना मला कुणी इचारलं व्हतं, म्हणून ठेवताना मी इचारू?"

मग ती देवाकडं वळली. तिचा आवाज बाहेरपर्यंत आला. "काय करायचं त्ये मला कर. पोरीला हात लावू नगंस." पान आणि भंडारा तिनं देवाच्या पायरीवर ठेवला, पोरीचं डोकं टेकवलं, स्वतःचं टेकवलं आणि बाहेर आली. हळद तिच्या बोटांना तशीच होती, ती तिनं पुसली नाही.

भारतच्या होणाऱ्या सासऱ्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली, कुणाचा निरोप न घेता उठला आणि सडकेला लागला. भारत त्याच्या मागं चार पावलं गेला आणि थांबला. मग वळून इलाहीबक्षकडं असा बघायला लागला, की जणू विजापूर रोडचा तो ट्रक ह्यानंच चालवला होता. इलाहीबक्षनं मान खाली घातली. पूनमची सही आता मिळणार, ह्याचा आनंद त्याला मिनिटभरही झाला नाही. आता केराबाईचा अंगठा मिळणं शक्य नाही, हे त्याला उघड दिसत होतं. एक गाठ सुटली आणि दुसरी जन्माची बसली.

सोमवारी पूनम ऑफिसात येऊन सही करून गेली. मंगळवार कोरडा गेला. बुधवारी इलाहीबक्ष आला, तर ऑफिसच्या पायरीवर केराबाई बसलेली. घोंगडं घेतलेलं, शेजारी भाकरीचं फडकं. पूनम पोरीला घेऊन लांब, झाडाखाली. एकाच एसटीनं आल्या होत्या, पण वाटेत एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

इलाहीबक्षला बघून म्हातारी उठली. तो काही विचारायच्या आत म्हणाली, "भारत्याचं गेलंच. हिचं बी घालवून मी खाऊ काय, माती?"

आत खुर्चीवर बसायला ती तयार होईना. जमिनीवर बसली आणि म्हणाली, "लिव. मला मरस्तवर सांबाळील आसं लिव."

"लिवलंय मावशी. आदीपास्नंच हाय त्यात."

"वाच."

त्यानं वाचून दाखवलं. नोकरी घेणारीनं कुटुंबातल्या अवलंबून असलेल्या माणसांचा सांभाळ करायचा, नाहीतर नोकरी जाईल. म्हातारी म्हणाली, परत वाच, आणि आमच्या बोलीत वाच. त्यानं परत वाचलं, बोलीत. मग तिनं त्यात आपलं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवायला लावलं. वीरभद्रप्पा तोंडाला रुमाल लावून हसत होता.

"भंडाऱ्यावर माजा भरवसा न्हाय ऱ्हायला," केराबाई म्हणाली. "आता तुज्या कागदावर ठिवते. आन कुटं ठिवू?"

अंगठा झाला. पूनमला आत बोलावलं, वीरभद्रप्पानं शिक्का मारला, अर्ज मुदतीत दाखल झाला. म्हातारी शाईचा अंगठा धरून तशीच बसून राहिली. म्हणाली, मग कधी?

इलाहीबक्ष म्हणाला, यादीत नाव गेलं आता.

"कवा म्हणत्ये मी. म्हैना सांग. साल तरी सांग."

इलाहीबक्षनं वीरभद्रप्पाकडं बघितलं. वीरभद्रप्पानं शिक्क्याची पेटी ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतली आणि बराच वेळ ठेवतच राहिला. जागा निघतील तशा भरतात, मावशी, असं काहीतरी इलाहीबक्ष बोलला. पण ते बोलताना त्याला माईकवरचे लोक आठवले आणि तो मधीच थांबला.

त्यानं आपला नंबर एका चिठोऱ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिला आणि म्हातारीच्या हातात दिला.

"दर आठवड्याला फोन कर, मावशी. मला शिव्या दे. पोट भरून दे. त्या खाल्ल्या की मला वर जाऊन भांडायला जोर येतो."

"शिव्या मला येत्यात," केराबाई म्हणाली. चिठोरं तिनं कनवटीला खोचलं. मग पूनमकडं न बघताच तिच्या कडेवरची पोरगी घेतली आणि पुढं चालायला लागली. पूनम भाकरीचं फडकं उचलून मागनं निघाली.

दर सोमवारी ऑफिस उघडायच्या वेळेला फोन वाजतो. यादी अजून हललेली नाही. म्हातारीच्या शिव्या मात्र दर खेपेला नव्या असतात. काही वैरागच्या बाजारातसुद्धा ऐकलेल्या नसतात. इलाहीबक्ष कानाला फोन लावून त्या सगळ्या ऐकून घेतो, मधी 'व्हय मावशी' म्हणतो, आणि फोन ठेवला की जिना चढून वर भांडायला जातो.